पानमळ्यातला दाखला

तुमच्या पणजोबांकडे तुमच्या गावचा रहिवासी दाखला होता का?

माझ्या पणजोबांकडे नव्हता. कालव्याला पाणी सुटलं तसे ते सासवडकडून ऊस लावायला या बाजूला आले आणि निमगाव केतकीत पानमळा करून राहिले. त्यांना कुणी कागद मागितला नाही. मी आज ‘इथली’ आहे ती एवढ्यावरच.

मी सात वर्षांची असताना आमच्या मळ्यात बिहारहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि कडेवर दोन वर्षांची मुलगी. त्या माणसाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण मळ्याच्या कडेला पोचताच त्याने चपला काढल्या आणि वेलीला हात लावण्याआधी हात धुतले. पानमळ्यात अनवाणी जायचं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. माझे आजोबा, म्हणजे आबा, बघतच राहिले. मग मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं. त्याच्या गावीही पानमळे होते आणि तिथेही हाच रिवाज होता. आबा म्हणाले, “ह्यो आपलाच हाय.”

ते कुटुंब मळ्यातल्या खोलीत राहिलं. त्या नवरा-बायकोला मी काका-काकू म्हणायला लागले. काका दरवर्षी जुना वेल आधाराच्या शेवरीच्या झाडावरून उतरवून, त्याचं वेटोळं मातीत पुरून पुन्हा फुटवायचे. काकू दिवाळीनंतरच्या छठच्या सणाला ठेकुआ, म्हणजे कणकेच्या गोड तळलेल्या टिकल्या, करायच्या आणि त्यावर नक्षी उठवायला आमच्या पुरणयंत्राची जाळी मागून न्यायच्या. परत देताना जाळीसोबत ताटभर ठेकुआ यायचा. त्यांची मुलगी आमच्या शाळेत गेली आणि माझ्यापेक्षा अस्सल गावठी बोलायला लागली.

आबा चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे कॉलेजात असताना मीही पत्रक लिहिलं. बारामतीच्या कारखान्यांत काही ठेकेदार परप्रांतातून मजूर आणायचे, त्यांना निम्म्या पगारात राबवायचे आणि ते इथलेच आहेत असं दाखवायला त्यांच्या नावे रहिवासाचे खोटे दाखले काढायचे. मला ठेकेदारांना झोडपायचं होतं. पण जोर यावा म्हणून शेवटची ओळ मी ठळक छापली: “बाहेरच्यांना दाखले देणे बंद करा!” त्या ओळीवर टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षांनी काका-काकूंच्या मुलीला बारामतीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. त्यासाठी पंधरा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा हवा होता. शाळेचा दाखला पहिलीपासूनचा, आधीच्या वर्षांचं काय? खोली आमची, वीजबिल आमच्या नावावर. आबा वारले होते. ग्रामसेवक म्हणाले, “रेकॉर्डला काय न्हाय. ग्रामसभेनं ठराव केला तर लगेच देतो.”

ग्रामसभेत विषय निघाला. काका मागे उभे होते, धुतलेला सदरा घालून. पुढच्या रांगेतला एक तरुण उठला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. माझं पत्रक. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली.

मी उठले. “हे ठेकेदारांबद्दल आहे. ही मुलगी आपल्या गावात वाढलीय.”

“मग तसं लिवायचं हुतं की, ताई! हितं तर नुस्तं ‘बाहेरचे’ लिवलंय.”

“ताईंचं पत्रक गावानं मनावर घेतलं, तर ताईच फिरल्या!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हात वर आले तीन. माझा, आईचा आणि शाळेतल्या बाईंचा. मळा आता चुलत्यांकडे आहे. काकांनी लावलेली पानं विकून ज्यांचं घर चालतं, ते चुलते मोबाईलमध्ये बघत बसले. निवडणूक तोंडावर होती.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, त्या नादात तशीच आत शिरले. ती वेली बांधत होती.

“ताई, आदी चपला काढ की. आबा असतं तर वरडलं असतं.”

मी मागे फिरले, चपला काढल्या, परत आले. माफी मागितली.

ती म्हणाली, “तुजं पत्रक मीच वाटलं हुतं, ताई. बाजारच्या दिशी. मला वाटलं, बाहेरचे म्हंजी दुसरंच कुणीतरी.”

प्रवेशाची तारीख गेली. मी तहसीलला अर्ज दिला, चार फेऱ्या मारल्या, उत्तर आलं नाही. दिवाळीआधी ते कुटुंब सुरतेला गेलं. तिथे ती साड्यांच्या घड्या घालते. काकूंनी जाताना पुरणाची जाळी घासून आईच्या हातात दिली. यंदा वेल उतरवायला कुणी नव्हतं. मळा पिवळा पडलाय आणि चुलते त्यात बूट घालून फिरतात.

मी नवं पत्रक लिहिलं, तेही वाटलं. लोकांनी घेतलं आणि त्यात भजी बांधली. त्या मुलीसाठी आता काही होण्यासारखं उरलेलं नाही. हे लिहिल्याने ती परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

तरीही एक मागणं आहे. तुमच्या गावातही असं एखादं घर असेल. आजच तिथे जा, त्यांच्याकडे कोणता कागद नाही ते विचारा, अर्ज तुमच्या हाताने लिहा. आणि ग्रामसभेत विषय निघाला, की इतरांकडे न बघता पहिला हात तुम्ही वर करा.