पोटभाडेकरूचा बाप

पोटभाडेकरू माणसाच्या मानगुटीलाच का चिकटतो, हे कधी कुणाला विचारलंत का?

नाही विचारलंत. शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसून तुम्ही त्याचं कार्टून बघता. सुरुवातीला पाटी येते, 'निर्मिती: चेट विनफील्ड'. तुम्ही ती वाचता आणि कॉर्नफ्लेक्सचा पुढचा चमचा तोंडात घालता. पोटभाडेकरूच्या शक्ती मात्र तुम्हाला पाठ. तळहाताएवढा, ओल्या मूत्रपिंडासारखा गोळा. तोंड नाही, डोळे नाहीत. मानगुटीला चिकटला की त्या माणसाची एकच कला शोषून घेतो. माणूस मरत नाही, वेडाही होत नाही. फक्त पाववाली सकाळी कणकेसमोर उभी राहते आणि तिला कळत नाही, या हातांचं आता करायचं काय. गोळ्याच्या अंगात एका वेळी चारच कला मावतात. पाचवी घेतली की पहिली गळून पडते आणि ती परत कुणालाच मिळत नाही. चिकटायला माणूस मिळाला नाही तर तीन तासांत सुकून जातो. आणि साबण लावलेल्या मानेवर त्याला बसता येत नाही, घसरतो.

हे शेवटचं चेट विनफील्डला सुचलं असेल असं वाटतं तुम्हाला? चेट जन्मात स्वतःची मान स्वतः धूत असेल की नाही, शंकाच आहे.

हे सुचलं व्हर्जिल पाल्मिएरीला. ब्रुकलिनमधल्या बेन्सनहर्स्टमध्ये, एटीन्थ ॲव्हेन्यूवर त्याच्या बापाचं केस कापायचं दुकान होतं. पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून तिथे केस झाडायचा. झाडू मारणाऱ्या पोराला गिऱ्हाइकांची तोंडं दिसत नाहीत, ती आरशाकडे असतात. त्याला दिसतात माना. जाड माना, सुरकुतलेल्या माना, देवी आलेल्या, लग्नाच्या दिवशी पावडर थापलेल्या. व्हर्जिल म्हणायचा, "माणसाला आपली मानगूट कधी दिसत नाही, पर्ल. ती फक्त न्हाव्याला दिसते. तिथे काही चिकटलं तर सांगणार कोण?"

पर्ल म्हणजे मी. मी पोटभाडेकरूची कॉमिक्स छापणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती विभागात होते. चित्रकारांची पानं यायची, त्यांतल्या चुका पांढऱ्या रंगाने झाकायच्या, अक्षरांचे तुकडे डकवायचे, हे काम. कायदा मी शिकले तो जेवणाच्या सुट्टीत, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांतून. पुढे चित्रकारांची संघटना बांधायला निघाले आणि सहा महिन्यांत माझं टेबल गेलं. संघटना राहिली. नावापुरती का होईना.

चित्रकारांना एकत्र आणणं म्हणजे बेडकांची मोजदाद. एकाला टोपलीत धरलं की दुसरा उडी मारतो. "मी कलाकार आहे, गोदी कामगार नाही," असं म्हणतात आणि गोदी कामगारापेक्षा वाईट वागणूक सोसतात. व्हर्जिल त्यातल्या त्यात बरा. सभेला यायचा. शेवटच्या रांगेत बसून पुढच्यांच्या माना काढायचा, पण यायचा.

एकदा मी त्याला म्हटलं, "व्हर्ज, हा पोटभाडेकरू म्हणजे कंपनीच ना? दुसऱ्याच्या हातातली कला शोषते आणि..."

"कुत्र्याची गोचीड आहे ती," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला झाली होती. तुला झुरळ दिसलं तरी त्यात कंपनी दिसते."

असा माणूस. त्याच्यासाठी लढायचं म्हणजे आधी त्याच्याशीच लढायचं.

तर पोटभाडेकरू जन्माला आला तो एकोणसत्तर साली, आणि कसा आला ते नीट ऐका. आमच्या धंद्याची रीत अशी की लेखक गोष्ट लिहीत नाही. चेट आमचा लेखक. तो फोनवर म्हणाला, "व्हर्ज, पुढच्या अंकात एखादा नवा खलनायक घाल. काहीतरी चिकट." बस. दोन वाक्यांचं लेखन. मग व्हर्जिलने वीस पानं पेन्सिलने काढली, अख्खी गोष्ट स्वतः रचून. चित्रात काय चाललंय ते चेटला कळावं म्हणून पानाच्या समासात लिहीत गेला: 'हा चिकटला. बाईची कणीक मळायची कला गेली.' 'इथे न्हाव्याची मान साबणाची, घसरला.' चेटने ते वाचून बोलण्याचे फुगे भरले. मग पानं शाई करायला परत व्हर्जिलकडे. अंक छापून आला, त्यावर 'लेखक: चेट विनफील्ड'. इतकी वर्षं व्हर्जिल काही बोलला नाही. कार्टूनच्या पाटीवर 'निर्मिती' हा शब्द दिसला तेव्हा मात्र त्याने मला फोन केला.

"एक ओळ," तो म्हणाला. "चेटच्या खाली माझं नाव. दुसरं काही नको."

"का नको दुसरं?" मी तडकले.

"पर्ल, मी फोन ठेवू का?"

मी म्हटलं, बरं बाबा, एक ओळ. पुरावा काय? पुरावा समासात. मूळ पानं कंपनीच्या गोदामात होती आणि मी त्या विभागात काम केलेलं. दुसऱ्या चित्रकारांचे समास मी डोळ्यांनी पाहिले होते, कोळशाने माखल्यासारखे काळे, सगळी गोष्ट त्यात. व्हर्जिलची पानं तेवढी कधी माझ्या टेबलावर आली नव्हती. त्याच्या कामात दुरुस्ती निघायचीच नाही ना! त्या समासात व्हर्जिलच्या अक्षरात शक्ती लिहिलेल्या सापडल्या की चेटची बोलती बंद.

कंपनी पानं परत द्यायला तयार होती. पण एका कागदावर सही करून. त्या कागदाचं तिसरं कलम असं: पात्र, त्याचं रूप, त्याच्या शक्ती यांतलं काहीही मला सुचलेलं नाही, मी फक्त सांगितलं तसं काढलं. म्हणजे पुरावा हवा असेल तर पुरावा नाही असं आधी लिहून द्या. मी कंपनीला अकरा पत्रं लिहिली. इमारतीसमोर दोन आठवडे फलक घेऊन उभी राहिले. त्यातले चार दिवस एकटी, कारण कलाकारांना सर्दी झाली होती. शेवटी त्यांनी कबूल केलं, सही न करता पानं बघता येतील. तिथेच, त्यांच्या माणसासमोर.

मार्चमधला मंगळवार. व्हर्जिल लग्नाला निघाल्यासारखा टाय बांधून आला. कंपनीचा वकील मिस्टर डेलाफील्ड दारात उभा. "मिस्टर पाल्मिएरी, कॉफी घेणार?"

"कॉफी प्यायला आलेलो नाही आम्ही," मी म्हटलं.

"मी घेईन," व्हर्जिल म्हणाला. "दूध जरा जास्त."

एका मुलीने हातमोजे घालून सपाट खोका आणला. व्हर्जिलने पानाकडे हात नेला तशी ती म्हणाली, "सर, हात लावू नका."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच हसून म्हणाला, "पोरी, ही पानं मी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलीत, सॉसच्या पातेल्याशेजारी. माझ्या हातांनी काही होणार नाही त्यांना."

तिने पहिलं पान ठेवलं. मी चष्मा लावला, वरचा समास बघितला.

पांढरा.

खालचा. बाजूचा. पांढरा, पांढरा. दुसरं पान पांढरं. सातवं, नववं. समास असे स्वच्छ की वाटावं, दुकानातून कागद आत्ताच आणलाय.

"पुसले!" मी डेलाफील्डवर ओरडले. "आम्ही येणार म्हणून पुसलेत तुम्ही! चोर आहात, चोर! मी वर्तमानपत्रात..."

"पर्ल," व्हर्जिल म्हणाला. "मी पुसले."

"काय?"

"मीच. शाई वाळली की खोडरबर घेऊन सगळं साफ करायचो. समाससुद्धा. दर वेळी." कप त्याच्या हातात तसाच होता. "घाणेरडं पान कोण देतं? बाप म्हणायचा, गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की मानेवर एक केस राहता कामा नये."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. अकरा पत्रं लिहिली, हे एक विचारलं नाही. सगळेच चित्रकार समास काळे ठेवतात, हे मी गृहीत धरलं. आळशी लोकांची पानं पाहून मी कष्टाळू माणसाचा दावा बांधला होता.

मी पान उचलून खिडकीकडे धरलं, तिरकं केलं. पेन्सिलीचा दाब तरी उमटला असेल, काहीतरी खाच. काही नाही. व्हर्जिलचा हात हलका. सगळ्या न्यूयॉर्कात तसा हलका हात नव्हता, आणि त्याला त्याचाच केवढा गर्व! डेलाफील्ड हसला असता तर बरं झालं असतं, मी त्याला काहीतरी फेकून मारलं असतं. तो हसला नाही. चष्मा पुसत बसला.

व्हर्जिल अकराव्या पानापाशी थांबला होता. त्यावर पाववाली पाठमोरी, केस वर बांधलेले, उघडी मान, उजव्या बाजूला तीळ. ही मान अस्सुंताची, त्याच्या बायकोची. तिला खुर्चीत बसवून काढलेली. पोटभाडेकरू पहिल्यांदा चिकटला तो तिला.

"हे पान मिळेल?" त्याने डेलाफील्डला विचारलं.

"वीसच्या वीस मिळतील. सही केलीत तर."

"व्हर्ज, नाही," मी म्हटलं. "आपण अजून साक्षीदार शोधू. चेटच्या फुग्यांतली अक्षरं काढणारा तो म्हातारा, त्याने समास पाहिले असतील..."

"तो तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या अंत्ययात्रेला तू पत्रकं वाटलीस."

"मग दुसरा कुणी. सही केलीस तर तुझं तोंड बघणार नाही मी."

"मानगूट बघ," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "नाव मिळणार नाही, पर्ल. तुला कळलंय, मला कळलंय. रिकाम्या हाताने कशाला जाऊ घरी?"

आणि त्याने पेन मागितलं. मी खोलीबाहेर गेले नाही. डोळे उघडे ठेवून बघितलं. सही सुंदर केली, हलक्या हाताने.

घरी अस्सुंताने पान दिव्याखाली धरलं. "माझी मान एवढी जाड होती?"

"तेव्हा तू दोनदा पास्ता वाढून घ्यायचीस."

"मेल्या, तू वाढायचास!"

दोघं हसली. माझ्यापुढेही ताटली ठेवली. मी खाल्लं, आणि प्रत्येक घासाला चिडत खाल्लं. मी माझं भांडण हरले होते आणि या घरात सणासारखं वाटत होतं.

पण ते दुसऱ्या दिवसापर्यंत. तेव्हापासून व्हर्जिलला कुणी विचारलं, पोटभाडेकरू तूच केलास ना, तर तो म्हणतो, "नाही, नाही. मी सांगितलं तसं काढलं." सही केली म्हणजे शब्द दिला, असा तो माणूस आहे. न्हाव्याच्या दुकानात म्हातारे त्याची थट्टा करतात, "कसला तू बाप, नुसता हमाल," आणि तो मान डोलावतो. त्याला खोटं बोलता येत नाही. अख्ख्या जन्मात तो हे एकच खोटं बोलतोय, तेही कंपनीसाठी, फुकट.

त्या कागदावर सही त्याची आहे. माझी नाही. मी नीट वाचलाय तो. शपथ व्हर्जिल पाल्मिएरीने घेतली, दुसऱ्या कुणाला तो बांधत नाही. तुम्हाला तर नाहीच.

म्हणून ऐका. माळ्यावर, पलंगाखाली, भावाच्या खोक्यात तो अंक असेल, पाववालीचा. काढा. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर घ्या. जुने अंक जमवणारे बोंबलतील, अंक खराब होतो म्हणून. बोंबलू द्या. पहिल्या पानावर चेटच्या नावाखाली समास आहे, कोरा. पेन्सिलने नको, शाईने, दाबून लिहा: व्हर्जिल पाल्मिएरी.