दोघांत एक जोडी स्की

नागपूर स्टेशनवर आम्हाला पोचवायला आलेल्यांपैकी एकालाही आम्ही कुठे चाललो आहोत ते नीट सांगता येत नव्हतं. माझ्या ऑफिसातल्या मंडळींच्या मते मी वैष्णोदेवीला चाललो होतो. सरकारी कारकून प्रवास सवलत घेऊन जम्मूचं तिकीट काढतो, ते दुसऱ्या कशासाठी काढेल? शेजारणीच्या मते माझ्या बायकोची, म्हणजे विमलची, प्रकृती बिघडली होती आणि डॉक्टरांनी तिला थंड हवा सांगितली होती. खरं कारण कोणाला पटलं नसतं. आम्ही काश्मिरात गुलमर्गला स्कीइंग करायला चाललो होतो. म्हणजे पायांना दोन लांबलचक फळ्या बांधून, पैसे भरून, बर्फाच्या उतारावर पडायला.

ही कल्पना माझी नव्हती. माझ्या कल्पना स्वस्त असतात. रामदासपेठेत राहतो म्हटलं की लोक मला डॉक्टर समजतात. प्रत्यक्षात मी एका डॉक्टरांच्या गॅरेजवरच्या दोन खोल्यांत राहतो, आणि सोळा वर्षांत मी घरभाडं वाढू दिलेलं नाही, याचा मला पदवी मिळाल्यासारखा अभिमान आहे. त्या वर्षी सवलतीत कन्याकुमारीला जायचं मी ठरवलं होतं, कारण तिथे समुद्र बघायला तिकीट नाही. तेव्हा विमलनं कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेलं एक चित्र मला दाखवलं. कुठल्याशा साप्ताहिकातून कापलेलं, पिवळं पडलेलं. त्यात एक बाई बर्फावरून भरधाव खाली येत होती.

"मले एकदा असं खाली यायचं हाये," विमल म्हणाली.

"एकदाच नं?" मी विचारलं. भाव कळल्याशिवाय मी नग ठरवत नाही.

"एकदा तं येऊ द्या."

विमल नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. शाळेत असताना धावण्यात तिला कोणी गाठत नसे. लग्नानंतर ती धावली ती सिटी बसमागे. सोळा वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं, आणि ही गोष्ट आठवल्यावर मला नाही म्हणता येईना.

तयारीसाठी आम्ही सीताबर्डीवर गेलो. "स्कीइंगचे कपडे आहेत का?" असं एका दुकानदाराला विचारलं. त्यानं चेहऱ्यावरची रेषही न हलवता प्लास्टिकचा रेनकोट समोर ठेवला. "बर्फ म्हंजे पानीच नं साहेब, घट्ट झालेलं," तो म्हणाला. या युक्तिवादावर खूश होऊन मी तो घेतला. विमलनं मात्र आपल्या आईचं नऊवारी लुगडं वळकटीत घातलं.

"काहून वं, तिथं लग्न हाये का कोणाचं?"

"पाचवारीत ढांग पडत नाही," ती म्हणाली आणि वळकटीचे पट्टे आवळले.

गाडी सुटायच्या बेतात माझा मेहुणा, विमलचा थोरला भाऊ, संत्र्यांची लाकडी पेटी घेऊन धापा टाकत आला. "जवाईबुवा, घेऊन जा. तिकडं आपल्या संत्र्याले लय मान हाये. पैशाच्या जागी चालते!"

"अन् खराब झाली तं?"

"संत्र्याचा दुश्मन ऊन हाये. थंडीनं त्याले काय होते?"

बागायतदाराचा शब्द म्हणून मी तो मनात लिहून ठेवला. दिल्लीपर्यंत ती पेटी माझ्या पायाखाली होती, जम्मूपर्यंत उशाशी आणि पुढे बसमध्ये मांडीवर. बनिहालचा बोगदा ओलांडून बस पलीकडे निघाली आणि दोन्ही बाजूंना एकदम पांढरं झालं. विमलनं खिडकीच्या काचेला नाक लावलं ते श्रीनगर येईपर्यंत काढलं नाही.

स्कीइंग स्वस्तात करण्याची पहिली युक्ती म्हणजे बर्फाजवळ राहू नये. गुलमर्गच्या हॉटेलांत खोलीचे भाव ऐकून मला वाटलं की त्यात डोंगरही मिळत असावा. म्हणून आम्ही खाली टंगमर्गला एका खानावळीच्या वरच्या खोलीत उतरलो. खोलीत बुखारी (लोखंडी शेगडी) होती, आणि जेवायला हाख (हिरवी पालेभाजी) नि भात. सकाळी नून चाय (मीठ घातलेला गुलाबी चहा) मिळाला. विमलनं एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. चहा भाड्यात धरलेला आहे असं कळल्यामुळे मी दोन पेले प्यालो.

दुसरी युक्ती म्हणजे वर चालत जावं. देवदारांतून धापा टाकत आम्ही गुलमर्गला पोचलो. समोर पांढरं शुभ्र मैदान, त्याच्या कडेला उतार, आणि उतारावरून लाल-पिवळे कपडे घातलेली माणसं सुरेख वळणं घेत येत होती. विमल माझा हात धरून उभी राहिली. मी भाड्याच्या दुकानाबाहेरचा फलक वाचत उभा राहिलो. स्कीचं भाडं वेगळं, बुटांचं वेगळं, काठ्यांचं वेगळं, शिकवणाऱ्याचं वेगळं आणि वर ओढून नेणाऱ्या दोराचं वेगळं. पडणं तेवढं फुकट होतं.

"पिछले साल क्या भाव था?" मी दुकानातल्या माणसाला विचारलं.

"इससे आधा।"

"और अगले साल?"

"अगले साल आप यही भाव याद करके रोएँगे।"

मी तिथेच रडायच्या बेतात होतो, एवढ्यात फेरन (पायघोळ लोकरी अंगरखा) घातलेला एक म्हातारा जवळ आला. त्याचं नाव रसूलचाचा. त्याच्याकडे स्वतःच्या जुन्या लाकडी स्कींच्या दोन जोड्या होत्या आणि तो शिकवायचाही. विमलनं पिशवीतून एक संत्रं काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. त्याच्या मुलीची सोयरीक ठरली होती, पाहुण्यांना काय द्यावं याची त्याला काळजी होती. सौदा दोन मिनिटांत झाला. एक पेटी संत्री, त्या बदल्यात दोन जोड्या स्की, तीन दिवस, शिकवण्यासकट. पेटी उद्या सकाळी आणायची. विमल त्या दिवशी डोंगर उतरताना जवळजवळ उड्या मारत होती.

संध्याकाळी खोलीत आल्यावर माझ्या लक्षात आलं की बुखारीमुळे खोली चांगलीच तापते. मी नागपूरचा माणूस. आमचं निम्मं आयुष्य वस्तू गार ठेवण्यात जातं. उन्हाळा लागला की आम्ही माठावर ओलं फडकं, भाजीवर ओलं फडकं आणि खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो. बाहेर एवढा बर्फ फुकट पडलेला असताना पेटी गरम खोलीत ठेवायची म्हणजे मूर्खपणा! मी खानावळीमागे बर्फात खड्डा केला, पेटी त्यात ठेवली, वर ओलं पोतं टाकलं आणि पुन्हा बर्फ लोटला.

"आतच राहू द्या नं," विमल दारातून म्हणाली.

"तुह्या भावानंच सांगतलं, थंडीनं काही होत नाही."

मी खड्डा खणत होतो तेव्हा तिनं पेटीतली काही संत्री काढून वळकटीत घातली होती, हे मला नंतर कळलं.

सकाळी पेटी उकरली. संत्री कशी चकचकीत, टणक! मी स्वतःवर खूश होऊन पेटी खांद्यावर घेतली आणि वरपर्यंत वाहून नेली. रसूलचाचानं दोन संत्री उचलली आणि एकमेकांवर आपटली. टक्क असा आवाज आला. त्यानं एक संत्रं फेरनच्या आतल्या कांगडीवर (निखाऱ्यांची टोपली) धरलं. थोड्या वेळानं ते लिबलिबीत झालं, फोडलं तर कडू पाणी निघालं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"साहब, आपने तो इनको दफ़ना दिया।"

विमलनं पिशवी उघडून पुढे केली. वळकटीतली वीसेक संत्री होती, चांगली, वासाची. "ये चलेंगे क्या, चाचा?" तिनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. रसूलचाचानं एक संत्रं हुंगलं, मग पश्चिमेकडे काळवंडलेल्या आभाळाकडे पाहिलं.

"एक जोड़ी। दोपहर तक। फिर बर्फ़ गिरेगी, दो-तीन दिन सब बंद।"

दोघांत एक जोडी. आधी कोण? स्वाभाविकच मी. बाईमाणसाला धोका नको, आधी पुरुषानं पाहून घ्यावं, असं मी म्हणालो. खरं कारण हे की ऑफिसात मला 'मी स्कीइंग केलं' असं सांगायचं होतं.

त्यानंतरच्या दोन तासांचं वर्णन मी थोडक्यात करतो. मी पडलो. उजवीकडे पडलो, डावीकडे पडलो, उभ्या जागी पडलो. सीताबर्डीच्या रेनकोटची किमया अशी की एकदा पडलो की बर्फावर मी थांबतच नसे. स्कीवर मला दहा पावलं जाता आलं नाही, पण पाठीवर, डोकं खाली आणि पाय वर, अशा अवस्थेत मी परदेशी कपड्यांतल्या दोन दिल्लीकर बायकांना मागे टाकलं. प्रत्येक वेळी रसूलचाचा मला उठवी आणि हळूच म्हणे, "साहब, अब बीबीजी?" प्रत्येक वेळी मी म्हणे, "बस, एक और."

मग माझ्या चष्म्यावर पहिला बर्फाचा कण पडला. मी वर पाहिलं आणि नंतर विमलकडे. तिनं सकाळपासून लुगड्याचा कासोटा घालून ठेवला होता, आत माझा लोकरी पायजमा. दोन तास ती बसलीसुद्धा नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रेशनच्या रांगेत शेवटी उभं राहिलेलं माणूस साखर संपणार हे ओळखून पुढे बघत असतं, तशी ती माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, आणि वाटायला हवी होती असे प्रसंग बरेच झाले होते.

मी घाईघाईनं पट्टे सोडू लागलो तर बोटं चालेनात. रसूलचाचा आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "अब नहीं, साहब." मी त्याच्यासमोर हात जोडले. जन्मभर मी लोकांकडे भाव कमी मागत आलो, त्या दिवशी वेळ मागितला. त्या भाड्याच्या दुकानाचा पूर्ण दिवसाचा दर देतो म्हणालो. त्यानं माझ्या पैशांकडे पाहिलं नाही, विमलकडे पाहिलं.

"एक बार। सिर्फ़ एक बार।"

माझे तीन जोड मोजे बुटात कोंबून ती वर चढली. तिथून ती एवढीशी दिसत होती. मग निघाली. अर्ध्यावर पडली, पण मी पाहतो तर ती उठलीसुद्धा. गुडघे वाकवून, काठ्या बगलेत धरून, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) धावणारी ती नरखेडची पोरगी सरळ खाली आली. थांबायचं कसं हे कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणून बर्फाच्या ढिगात घुसली आणि तिथं पडून मोठमोठ्यानं हसायला लागली. तिचं असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. दिल्लीकर बायका थांबून बघत होत्या.

उठून तिनं उताराकडे वर पाहिलं. तोपर्यंत रसूलचाचा तिच्या पायाचे पट्टे सोडत होता.

खाली जाताना मी जीप केली, भाव न विचारता. जीपमध्ये विमल तोंड फिरवून बसली होती.

"लागलं का वं?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली?"

"रडून नाही राहिली. डोळ्यात बर्फ गेला."

जीपला टप होता. पुढचे तीन दिवस बर्फ थांबला नाही, उतार बंद राहिले आणि माझी रजा संपली.

नागपूरला परत आल्यावर मी स्वस्त स्कीइंगमधला तज्ज्ञ झालो. ऑफिसात कोणी विचारलं की मी युक्त्या सांगतो. खाली राहा, चालत जा, स्वतःच्या स्की असलेला म्हातारा गाठा, संत्री न्या पण पुरू नका. त्या दोन तासांबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही. विमलनंही सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. मला वाटलं, विसरली असेल. माणसाला सोयीचं ते वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात मी गुलमर्गच्या त्या दुकानाला पत्र टाकून दर विचारले. उत्तर आलं. दुकानदार खरं बोलला होता, भाव आणखी दीडपट झाले होते, आणि यंदा प्रवास सवलतही नव्हती. पत्र माझ्या खिशात होतं. विमल मला जेवायला वाढत होती.

"यंदा पुन्हा जायचं का?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. सोळा-सतरा वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या बाईनं जो प्रश्न विचारायचा तोच तिनं विचारला. "आता भाडं किती झालं असन हो?"

आयुष्यात पहिल्यांदा मी भावाच्या बाबतीत खोटं बोललो. "कमी झालं म्हणते," मी म्हणालो.

तिनं माझ्या पानात पोळी वाढली.

"तं मंग यंदा पयले मी जाईन."