फ्लेक्सवर नसलेला चेहरा

रविवारी लोणावळ्याच्या खोलीवर स्कॉटलंडमधल्या पोरांच्या टोळ्यांचा सिनेमा पाहिला. पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि मला आमच्या गावचा, कान्ह्याचा फ्लेक्स आठवला.

चुलतभावाचा, संतूदादाचा वाढदिवस होता. फ्लेक्सला रंगाचा उग्र वास येत होता. त्यावर दादाची सगळी टोळी गॉगल लावून उभी होती. बांबू धरायला मी होतो, फोटोत मात्र नव्हतो.

“दादा, माझा फोटो कुटंय?”

“भांडान झालं की पोलीस ह्योच फ्लेक्स बघून पोरं उचलत्यात. तुला कालेजात जायचंय. बांबू धर नीट, हिरो.”

पोरं हसली. मी आतून जळत होतो.

घरातला पहिला पदवीधर मीच, त्याचा अभिमान आहे. दादानं मला वाचवलं, हेही आता कळतं. तरी सिनेमातल्या त्या रांगेत मी माझ्यापुरती जागा शोधत बसलो.