ट्रे हातात असताना

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. चौथीनंतर लिहायचं सुटलं ते सुटलंच. मुलीच्या जुन्या वहीची पानं उरली होती, त्यावर लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

राजारामपुरीत एका डॉक्टरांच्या घरी मी नऊ वर्षं स्वयंपाक करते. आमच्या गल्लीतल्या बारा बायकांच्या भिशीत माझी चिठ्ठी निघाली, तीस हजारांची. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठीच ती भिशी लावली होती. वहिनींना, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या बायकोला, कळलं. म्हणाल्या, "ते पैसे मला दे, भाचीच्या लग्नाला पैठणी घेते गं, पंधरा दिवसांत परत देते. साहेबांना मात्र बोलू नकोस." पंधरा दिवसांचे सात महिने झाले. फीची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली, तरी माझं तोंड उघडेना.

तेवढ्यात त्यांच्या महिला मंडळाच्या नाटकाचा प्रयोग आला. बड्या घरची बाई जगाला खरेपणा शिकवते आणि घरातली लफडी झाकत फिरते, असं हसवायचं नाटक. ती बाई म्हणजे आमच्या वहिनी. मोलकरीण होणारी आजारी पडली. वहिनी म्हणाल्या, "तू ये. बोलायचं काही नाही, ट्रे घेऊन उभं राहायचं."

प्रयोगात वहिनी छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या घराण्यानं कुणाचा पैसा ठेवलेला नाही!"

हे नाटक आहे हे मी विसरलेच. "मग माझी भिशी, वहिनी?"

वर माईक टांगलेला. लोक खो खो हसले. पहिल्या रांगेत साहेब सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या ट्रेमधले कप खडखडायला लागले.

आता काम गेलं, असं वाटलं. पण नाटक बसवणाऱ्या बाई आत धावत आल्या. "काय वाक्य टाकलंत हो! वारणानगरच्या प्रयोगातही हेच ठेवायचं."

मागून साहेब आले. "ही भिशी कुठनं काढली गं?"

"नाटकातलीच हो," वहिनी म्हणाल्या. मी खाली मान घालून कप पुसत राहिले.

पाच दिवसांनी वारणानगरला, तोंडं रंगवायच्या खोलीत, वहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं आणि पाकीट दिलं. "मोज."

"ऱ्हाऊ दे की."

"नको, माझ्यासमोर मोज. पैठणी जावेला विकली. तिला सांगितलं, रंग आवडला नाही."

मला हसू आलं, त्यांनाही. नोटा मोजल्या. बरोबर होत्या. फीला अजून तीन दिवस होते. पाकीट कमरेला खोचून मी ट्रे उचलला.

वहिनींचं ते घराण्याचं वाक्य आलं. मी विचारलं, या वेळी चांगलं मोठ्यानं, "मग माझी भिशी, वहिनी?"

वहिनी पुढचं विसरल्या. "दिली की गं सगळी!"

"व्हय की, आत्ताच मिळाली!"

पडद्याआड नाटक बसवणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारला. लोक हसतच होते. माझ्या ट्रेमधला एकही कप वाजला नाही.