नसलेली तारामती मावशी

औशाच्या सुकन्याला त्या रविवारी आपल्याच घरच्या माणसांची शिसारी आली. यायलाच पाहिजे होती म्हणा.

पोरगी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आजवर सोलापूरच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती. पण दोन वर्षं पगारातलं बाजूला टाकलं आणि चाळीस दिवस एकटीच व्हिएतनाम हिंडून आली. तिथं रस्ता चुकली, तापानं पडली, खोलीवाल्याशी भांडली, पुन्हा उठून चालायला लागली. घर लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, मटणमासळीला शिवायचं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तिथल्या बोलीतलं पाठ केलं, 'आन चाय'. म्हणजे मी शाकाहारी. एवढ्या दोन शब्दांवर बाईनं अख्खा मुलूख पार केला. परत आली ती मान वर करून.

आणि घरी काय? काका मृत्युंजयअप्पांनी लग्नाचा बायोडाटा छापून ठेवलेला. त्यात लिहिलं होतं, 'परदेश प्रवास, मुक्काम सख्ख्या मावशीकडे, सौ. तारामती.' कोण तारामती? कुणी नाही! पोरगी एकटी हिंडली म्हटलं की लोक नाकं मुरडतात, म्हणून अप्पांनी बसल्या जागी मावशी जन्माला घातली. वर पुन्हा, तुझ्याच भल्यासाठी. आयुष्यातले चाळीस दिवस काय ते सुकन्याचे स्वतःचे होते, तेही नसलेल्या बाईच्या पदरात टाकून हे मोकळे. वडिलांनी पेपरात डोकं घातलं. आई नीलाबाई स्वयंपाकघराकडं वळल्या.

निलंग्याहून पाहुणे आले. मुलाच्या आईनं कागद वाचला आणि त्या म्हणाल्या, तारामती ना, ओळखते की मी, बिदरला दिलेली, मग तिकडं परदेशी गेलेली, लई शिस्तीची बाई! अप्पा हाव हाव करत मान डोलवायला लागले. मग बाईंनी तारामतीच्या हातची शेंगदाण्याची चटणीसुद्धा वाखाणली. लाज कोळून प्यालेली माणसं, दुसरं काय!

विषय मोडायला अप्पांनी फर्मान सोडलं, "पोरी, आण चाय."

तेच दोन शब्द. तिकडं त्यांच्यावर तिला ताट मिळायचं, इथं हातात ट्रे. सुकन्या जागची हलली नाही. खरं काय ते सांगून टाकायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दारापाशी बसलेल्या नीलाबाई बोलल्या. सत्तावीस वर्षांत दिराच्या शब्दावर शब्द, पहिल्यांदा.

"मला बहीण न्हाई. आईला मी एकटीच. माझी पोरगी एकटी गेली अन् एकटी आली. मला औशातनं लातूरला एकटीला कुणी जाऊ दिलं न्हाई, ती तिकडं समुद्रापल्याड जाऊन आली. ते कुणाच्या नावावर लावू नका."

पाहुणीनं बायोडाट्याची घडी घातली. अप्पांनी एकदा भावजयीकडं बघितलं, एकदा पुतणीकडं. दोघींपैकी कुणीच उठेना.

चहा शेवटी अप्पांनीच आणला. साखर टाकायची राहून गेली होती.