मोजलेले हात

“तुमची कंपनी काय म्हणते?” असं कुणी विचारलं, की आमचे चिटणीस डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, “माझी नाही. मी फक्त तिचा चिटणीस.”

मुलांनो, तुम्हीही तिकडे कंपन्यांत काम करता. असा माणूस भेटला तर त्याच्याकडे नीट पाहा. मला तो दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरला भेटला. हातमागावर लुगडी विणणारी लहानशी लिमिटेड कंपनी होती. मिशनच्या शाळेतून मी नुकतीच बाहेर पडले होते; इंग्रजी पत्रं टाइप करायला मला ठेवलं होतं.

दाराला नवी कडी बसवली तरी चिटणीस विचारायचे, “कुणाच्या हुकमानं?” मला हसू यायचं.

“हसा, बाई. कंपनीला तोंड नसतं. तिच्या वतीनं कोण बोललं, ते लिहून ठेवावं लागतं.”

एके दिवशी चेअरमनच्या मेव्हण्यानं कंपनीचे वीस माग दुरुस्तीला म्हणून भिंगारला नेले. तिथे त्याच्या शेडमध्ये लष्करासाठी कापड निघू लागलं. माग परत आले नाहीत. आमचे विणकर सवयीनं रोज सकाळी यायचे आणि पायरीवर बसून राहायचे.

चिटणीस मला घेऊन वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, “दावा चालेल. पण तो कंपनीनं लावायला हवा, तुम्ही नव्हे. संचालकांचा ठराव आणा.”

“पाच संचालक. तीन चेअरमनच्या घरचे.”

“मग भागधारकांची सभा बोलवा. तिथे ठराव झाला, तर पाहू.”

प्रत्येक विणकराकडे एकेक शेअर होता. चिटणिसांच्याच शब्दावर घेतलेला. सभा मागण्यासाठी, काम नाही म्हणून गावी परतलेल्यांच्याही सह्या गोळा करत ते सायकलवर पार कर्जतपर्यंत हिंडले. एका म्हाताऱ्या विणकरानं विचारलं, “सही येत न्हाई. अंगठा चालंल का?”

“चालेल, बाबा.”

“मंग दोन्ही घ्या. न्हाईतरी रिकामंच हायेत.”

सभेत दाव्याचा ठराव आला. चिटणिसांनी हात मोजले. बाजूनं एक्केचाळीस, विरुद्ध पाच: चेअरमन आणि त्यांच्या घरचे चौघे. मी टेबलाखाली टाळी वाजवायच्या बेतात होते.

चेअरमन शांतपणे म्हणाले, “मतदान शेअरवर घ्या.”

तसा नियम होता. एका शेअरला एक मत. त्या पाचजणांचे शेअर बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट होते. चिटणिसांनी बेरीज दोनदा केली.

“ठराव नामंजूर,” ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं हात वरच धरला होता. “आवं, पन आमी लई हावोत की! पुन्यांदा मोजा.”

“माणसं जास्त आहात, बाबा.”

“मंग?”

“खाली घ्या हात,” मान वर न करता चिटणीस म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी सभेचं इतिवृत्त लिहिलं. नियमाप्रमाणे, सुवाच्य. त्याखाली, कुठल्याच नियमात नसताना, एक्केचाळीस नावं लिहिली. वहीत राजीनामा ठेवला आणि गेले. पुढे राजूरला शाळेत शिकवतात असं कानावर आलं. मला ते पुन्हा दिसले नाहीत.

सकाळी चेअरमननी तांबड्या पेन्सिलीनं ती नावं खोडली आणि वही माझ्यापुढे सरकवली. “बाई, स्वच्छ प्रत काढा.”

मी काढली. तीत एकही चूक नव्हती. ती एक्केचाळीस नावंही नव्हती.