दरबारी नाच आणि माझं भाषण

आई जो नाच नाचायची त्याला नाव नव्हतं. गोंदियाकडच्या तिच्या माहेरी दसऱ्याला जमीनदाराचा दरबार भरे. तिथे गावच्या बाया तळहातावर दिव्याची थाळी घेऊन, मान खाली घालून, मागे मागे सरकत नाचायच्या. गादीकडे पाठ करायची नाही, एवढा एकच नियम. पुढे जमीनदारी गेली, तर बायांनी तोच नाच देवीपुढे नेला. भिलाईत आल्यावर आईने तो आमच्या क्वार्टरच्या अंगणात, मुलींच्या हळदीत आणला. नवरीकडे तोंड करून ती मागे सरकायची, अन् शेजारच्या तेलुगू, मल्याळी बाया हातातलं काम टाकून बघत राहायच्या.

मला मात्र प्रत्येक गोष्टीत अर्थ काढायची खाज. छत्तीसगड वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी हुडको कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, चार पुस्तकं वाचलेली, म्हणजे शिंगं फुटलेलीच. गणपतीत स्टेजवर नाच म्हणून आईच्या मागे लागलो. दोन दिवस ती "लोक हासतीन" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं गुपचूप इस्त्रीला देऊन आली. माझ्या पाच वर्षांच्या पोरीला तिने पहिल्या रांगेत बसवलं. म्हणाली, "नीट पाहून घे. पुढच्या साली तुले नाचायचं हाय."

ती थाळी घेऊन पडद्याआड उभी होती आणि मी माईक धरला. म्हणालो, हा गुलामीचा नाच आहे. आमच्या बायांना जमीनदारापुढे मान वर करायची सोय नव्हती, ती लाज आज तुम्ही डोळ्यांनी बघा. टाळ्या पडल्या. स्टील प्लांटचे एक साहेब "वाह" म्हणाले, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

आई नाचायला लागली, पण अर्ध्यावरच थांबली. थाळी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे पाठ करून आत निघून गेली. गुडघा दुखला असेल, असं मी माईकवर सांगूनही टाकलं. मूर्ख कुठला.

त्यानंतर कुठल्याच हळदीत ती उठली नाही. पोर हट्ट धरायची, "आजी, सिखाओ ना," तर म्हणे, "इसरली मी." विसरते कसली! मला कळत होतं. तरी आठ-नऊ वर्षं मी तोंड शिवून बसलो, कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

शेवटी तिने अंथरूण धरलं तेव्हा भिलाईतल्याच रुआबांध्याच्या घरी एका दुपारी मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, "आई, माझं चुकलं. पोरीला निदान पावलं तरी सांग."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"चुकलं कुठं? शिकलेला माणूस तू, बरोबरच बोलला," ती म्हणाली. "मलेच त्या दिवशी समजलं. त्याच्या आधी मले वाटे, माही माय किती सुंदर नाचे."